पाळीवरची मुनादी

मी कोतवालाची लेक. त्यामुळे कोणी कानात कुजबुजायला लागलं की मला लहानपणापासून चीड येते. जे सांगायचं ते चारचौघांत सांगा, नाहीतर तोंड मिटून बसा. माझी सून म्हणते, आई, तुमचं घरातलं बोलणंसुद्धा चावडीवर ऐकू जातं. जाऊ दे की. आमच्या घराचं पोट त्याच्यावरच भरत होतं.

आजोबा वतनाचे कोतवाल. वतनं गेली तेव्हा बाबा सरकारी मानधनावर कोतवाल झाले. पटवाऱ्याची साखळी ओढायची, तहसिलीचं टपाल पोचवायचं, साहेब आला की पाणी भरायचं आणि मुनादी करायची. तुमच्याकडे दवंडी म्हणतात, आमच्या भंडाऱ्याकडे मुनादी. बाकीची कामं बाबा मान खाली घालून करत. मुनादीच्या दिवशी मात्र ते धुतलेला सदरा घालत. सकाळी चुलीपाशी डफ शेकायचे, बोटानं टिचकी मारून कातडं ताणलं की नाही पाहायचे, मग निघायचे. पावसाळ्यात डफ शेकायला वेळ लागे, आणि चूल अडली म्हणून माय करवादे.

मुनादीचे त्यांचे नियम होते. आधी कोणाचा हुकूम ते सांगायचं, मग काम, मग दिवस आणि वेळ, मग जागा. आपल्या पदरचं एक अक्षर जोडायचं नाही. "मुनादीत घरचं मीठ टाकाचं नाही," असं ते म्हणत. आणि सांगून झालं की समोरच्या एखाद्याला विचारत, "काय ऐकलं, सांग बरं." याचं कारण होतं. एकदा गुरांना सुया टोचायला डॉक्टर येणार अशी मुनादी केली, आणि ऐकणाऱ्यानं बाबांना तोंडावर सांगितलं की सरकार ढोरं नेऊन राहिलं. कान चांगले होते त्याचे. मनात भीती बसली होती, म्हणून त्याला तेच ऐकू आलं. तेव्हापासून बाबा माणसाकडून वदवून घेतल्याशिवाय पुढच्या गल्लीत जात नसत. लोक हसत, पण सांगत.

गाव मोहाडीच्या बाजूचं, धानाचं. वरच्या अंगाला तलाव, त्याची लांबलचक मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्यांच्या पलीकडे गाव. गावाच्या मधोमध एक टेकाड आहे, त्यावर ग्रामपंचायत. पाळीच्या दुसऱ्या टोकावर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, टोली. त्यांची घरं पाळीवरच, अंगणातून पाय काढला की पाण्यात. तलावातले मासे आणि शिंगाडे हेच त्यांचं शेत.

आता पाळीची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आजोबांच्या वेळी एका पावसाळ्यात पाळ फुटली होती. आजोबांनी पाळीवर उभं राहून डफ बडवला, त्या आवाजानं बांध्यांतले लोक टेकाडावर धावले आणि जीव वाचले. तेव्हापासून गावानं ठरवलं की पाळीवर डफ वाजायचा तो फक्त पाळ फुटली तरच. एरवी कोणतंही वाजप पाळीवर न्यायचं नाही. टोलीवरच्या लग्नाची वरातसुद्धा पाळीला लागली की बाजेवाले वाद्यं काखेत मारून मुकाट चालत, नवरदेव खाली मान घालून पुढे. पाहुण्यांना वाटे, कोणी वारलं की काय. आम्हाला त्यात काही वाटत नसे.

म्हणजे टोलीवर मुनादी कधीच झाली नाही. टोली पाळीवर, आणि पाळीवर डफ नाही. डफाशिवाय जाऊन सांगितलं तर ते नुसतं सांगणं, मुनादी नव्हे. पण त्याचं कोणाचं अडलं नव्हतं. टोलीवरच्या बाया रोज मासोळी घेऊन गावात येत, तिथं त्यांच्या कानावर पडे. तलावाचा हर्रास, म्हणजे लिलाव, दरसाल ग्रामपंचायत करायची, तोही नावालाच. बोली लावणारी टोलीच, दुसरं कोण येणार शिंगाड्याच्या काट्यांत हात घालायला?

त्या टोलीवरच्या एका बाईला बाबांनी बहीण मानलं होतं. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. काळी, उंच, आवाज असा की मासोळी घ्या म्हणाली की दोन गल्ल्यांतली मांजरं उठून उभी राहत. नवरा गेल्यावर टोलीचं बोलणंचालणं हळूहळू तिच्याकडेच आलं होतं. दर भाऊबीजेला ती ओवाळायला येई आणि मायशी भांडून जाई. दोघींचं भांडण म्हणजे प्रेमच, पण ऐकणाऱ्याला ते कळत नसे.

ऐंशी साल मागे पडलं आणि तलावावर एका शहराकडच्या व्यापाऱ्याची नजर पडली. शिंगाड्याला भाव आला होता. त्या वर्षी हर्रासाची मुनादी सकाळी आणि हर्रास त्याच दुपारी. वार मोहाडीच्या बाजाराचा, टोलीवरच्या बाया बाजारात आणि माणसं दुसऱ्या गावच्या बोडीत जाळं टाकायला गेलेली. बाबांनी गावात मुनादी केली, कागदावर सही केली. संध्याकाळी आत्याबाई रिकामी टोपली घेऊन परत आली तेव्हा तलाव व्यापाऱ्याचा झाला होता. टोलीवाले ग्रामपंचायतीत गेले. सरपंच म्हणाले, "मुनादी झाली न? तुमी नाही ऐकली त्याले पंचायत काय करन?" हे कायद्याला धरूनच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

त्या वर्षभर टोलीनं आपल्याच तलावात मजुरी केली. डोंगा त्यांचा, काटे त्यांच्या बोटांत आणि शिंगाडे व्यापाऱ्याच्या पोत्यात. काहीजण घरं बंद करून पोराबाळांसकट दुसऱ्या तलावांवर निघून गेले. आणखी एक साल असं गेलं तर टोली राहणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. आत्याबाई भाऊबीजेला आली, ओवाळलं आणि बाबांना म्हणाली, "भाऊ, गावाले सांगतेस. बहिणीले काहून नाही सांगत?" मायनं त्या दिवशी भांडण काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक गंमत सुरू झाली. कोणीतरी सायकलवर टोलीवर जाई आणि सांगे, "उद्या हर्रास आहे बरं का." टोली कामधंदा सोडून टेकाडावर येऊन बसे. ग्रामपंचायतीला कुलूप. पुन्हा काही दिवसांनी तोच प्रकार. कोण करत होतं ते उघड होतं, पण चोर धरायला हात लागतो आणि अफवेला कुठं हात असतो? शेवटी टोलीनं ठरवलं की आता कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. सगा भाऊ येऊन सांगेना का. डफ ऐकल्याशिवाय हलायचं नाही. आत्याबाईनं हे बाबांच्या तोंडावर सांगितलं. बाबा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." आणि डोक्याला हात लावून बसले, कारण डफ टोलीवर जाणार कसा?

त्या वर्षी ज्येष्ठ गेला तरी हर्रास नाही. आषाढात रोवणीचा धबडगा सुरू झाला. सारं गाव बांध्यांत, चिखलात. तलाव काठोकाठ भरलेला. अशा एका सकाळी सरपंचांनी बाबांना बोलावलं. "आज दुपारी हर्रास. गावात मुनादी करून घे अन् इकडे येऊन सही कर. लवकर." व्यापारी येऊन बसलेलाच होता, त्याच्या जीपचा धूर गल्लीत होता.

बाबा सगळ्या ठरलेल्या जागी गेले, डफ वाजवला, मुनादी केली. गल्ल्यांत कुत्री आणि कोंबड्या. मारुतीच्या देवळापाशी एक म्हातारी बसलेली दिसली. बाबांनी नियमानं विचारलं, "काय ऐकलं, सांग बरं, माय." म्हातारी म्हणाली, "मले कायले विचारतं बाप्पा, मी तं बहिरी हावो." ही हकिकत बाबांनी नंतर आम्हाला सांगितली, हसत नाही, रागानं. "त्या कागदावर सही कराची होती, गावाले कळवलं म्हणून. कोणाले कळवलं? बहिरीले?"

ते पंचायतीकडे गेले नाहीत. पाळीकडे वळले.

मी तेव्हा मोहाडीच्या शाळेत जाणारी पोरगी, पण रोवणीच्या दिवसांत शाळा कसली. बायकांच्या रांगेत वाकून रोवत होते. आणि तलावावरून डफाचा आवाज आला. पाण्यावरून आवाज फार लांब येतो. रांगेतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हातची रोपांची पेंडी गळून पडली. "पाळ फुटली वं माय," एवढंच ती म्हणाली आणि लुगडं खोचून धावायला लागली. तिच्यामागे सगळ्या. मीही. कोतवालाची लेक असून मला एकदाही वाटलं नाही की ही मुनादी असेल. पाणी येतंय का हे वळून पाहायचीही हिंमत झाली नाही. बाबा पाळीवर आहेत, म्हणजे बाबा गेले, असं मात्र वाटलं. धावताना मी रडत होते आणि बांधावर काढलेली चप्पल राहिली तिचंही रडू त्यातच होतं.

टेकाडावर सारं गाव जमा झालं. घाबरलेला माणूस काय उचलेल याचा नेम नाही. एकानं बैल सोडले आणि रेडिओ आणला. एकीनं तांदळाचं पोतं टाकून झाडू आणला होता. एक म्हातारा चढावर पाय मुरगळून पडला, त्याला दोघांनी उचलून आणलं. आणि वर पंचायतीच्या आवारात काय, तर चार खुर्च्या, सरपंच, ग्रामसेवक, व्यापारी, आणि बशीत भजी. सरपंच खुर्चीवर चढून उभे होते. त्यांच्या बांध्या पाळीला लागून. आल्या आल्या लोकांना विचारत होते, "किती पाणी आलं? किती पाणी आलं?"

पाणी कुठंच आलं नव्हतं. सगळे तलावाकडे पाहत राहिले. पाळ होती तिथंच होती, आणि तिच्यावरून टोलीवाले शांतपणे चालत येत होते. बायांनी केस विंचरलेले, माणसांच्या अंगात सदरे. आत्याबाई पुढे. तिनं आवारात येऊन डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरपंचांना विचारलं, "हर्रास सुरू झाला का जी?"

क्षणभर कोणाला काही सुधरेना. मग सुधरलं. त्यांच्यामागून बाबा येत होते, काखेत डफ. मुरगळलेल्या पायाच्या म्हाताऱ्यानं जी शिवी हासडली ती मी लिहीत नाही. बाकीच्यांनीही तोंडसुख घेतलं. लोकांच्या मनात अजून पाणी होतं, राग येणारच. बाबांनी ऐकून घेतलं. मग नेहमीसारखं, गल्लीत सांगावं तसं सांगितलं, "ग्रामपंचायतीचा हुकूम हाय. तलावाचा हर्रास. आज दुपारी, पंचायतीच्या आवारात. गावात मुनादी केली तवा गावात कोणी नव्हतं. आता हायेत." आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

"आज?" एक शेतकरी म्हणाला. "रोवणीत?" दुसऱ्यानं ग्रामसेवकाला विचारलं, "कागदात काय हाय, वाचा न जी." सरपंच म्हणाले, ते सगळं ठरलेलंच असतं. पण आता आवार भरलेलं होतं, आणि चिखलानं माखलेली माणसं घरी जायला तयार नव्हती. ग्रामसेवकानं वाचलं. शर्तींमध्ये एक शर्त अशी की शिंगाडे निघेपर्यंत तलावातलं पाणी धानासाठी सोडायचं नाही. व्यापाऱ्याला वेलींखाली पाणी हवं होतं. पहिल्या साली हीच शर्त होती, पाऊस चांगला झाला म्हणून कोणाला कळली नव्हती. ते ऐकलं आणि गावाचा राग बाबांवरून उठून खुर्च्यांवर जाऊन बसला.

बोली झाली. व्यापाऱ्यानं थोडी चढवली, मग आजूबाजूला पाहिलं. एक वयस्कर शेतकरी म्हणाला, "ज्याले घ्याचा त्याले घेऊ द्या, पण पाणी धानाले सुटन. ते आधी लिहा." शर्त खोडली गेली. पाण्याशिवाय व्यापाऱ्याला तलावात रस नव्हता. त्यानं भज्याची बशी बाजूला सारली आणि तो जीपकडे निघून गेला. तलाव टोलीकडे परत आला. आत्याबाई तिथंच जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सरपंचांनी वर तक्रार केली, कोतवालानं खोटा धोका वाजवून गाव घाबरवलं. पोळ्याच्या आधी चौकशीला साहेब आले. त्यांनी एकेकाला विचारलं, "तुम्हाला डफ ऐकून काय वाटलं?" लोकांनी खरं ते सांगितलं, पाळ फुटली असं वाटलं. मुरगळलेल्या पायाचा म्हातारा तर काठी टेकत पुढे आला आणि पाय दाखवला. खोटं कोणीच बोललं नाही. त्यामुळे बाबांना कोणाला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.

आत्याबाईला विचारलं तेव्हा तिनं मुनादी जशीच्या तशी म्हणून दाखवली. हुकूम कोणाचा, काम काय, वेळ, जागा. बाबांनी टोलीवर तिच्याकडून वदवून घेतली होती ना. साहेब म्हणाले, "बाई, पाळीवर डफ वाजवायचा नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं जी," ती म्हणाली. "हर्रास कवा हाय ते माहीत नव्हतं."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी लिहायचं ते लिहिलं आणि दसऱ्याच्या सुमाराला बाबांची कोतवालकी गेली. सरपंचांच्या नात्यातला एक पोरगा कोतवाल झाला. माझी मोहाडीची शाळा त्यातच सुटली, कारण आता घरात माझेही दोन हात लागत होते. लोक आता मला म्हणतात, केवढे तुमचे बाबा. तेव्हा मला तसं काही वाटलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. टोलीचा तलाव राहिला आणि माझी शाळा गेली, हा कुठला न्याय? माय तर रोज भांडी आपटे. "सत्य शिजवून घालू का पोरीले?" असं ती चुलीकडे तोंड करून म्हणे, म्हणजे बाबांना.

भाऊबीजेला आत्याबाई शिंगाड्यांची टोपली घेऊन आली. पहिल्या तोडणीचे, ओले, हिरवे. बाबा म्हणाले, "हे वापस ने."

"काहून?"

"गाव म्हणन, कोतवालानं शिंगाड्यासाठी मुनादी केली. मुनादीचे शिंगाडे घेतले तं ती मुनादी नाही राहत."

आत्याबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मायकडे. "तू कोतवाल आता हायेस कुठं?" ती म्हणाली. मायनं टोपली उचलून आत नेली, शिंगाडे उकडले आणि आम्ही पोटभर खाल्ले. बाबांनी खाल्ले नाहीत. त्यांच्या वाट्याचे मी खाल्ले, रागानं.

पुढच्या वैशाखात आत्याबाईनं एक गोष्ट केली. मासोळीची टोपली घेऊन ती सरळ टेकाडावर गेली आणि पंचायतीच्या पायऱ्यांवर दुकान मांडून बसली. रोज. सरपंच म्हणाले, "इथं कायले बसून राहिली वं? हा बाजार नाही." ती म्हणाली, "मासोळी गावात इकते जी. इथं ऐकाले बसते." तिला काम असलं की टोलीवरची दुसरी बाई बसे. मग पाण्याची शर्त लक्षात असलेले शेतकरीही येऊ लागले, जाता जाता टेकायचे, बिडी ओढायचे, हर्रासाचं काय झालं विचारायचे. पंचायतीत मोठ्यानं बोललेलं सगळं गावात येऊ लागलं.

हर्रास ज्येष्ठातच लागला. आवार भरलेलं. सरपंच शर्तींचा कागद घेऊन उभे राहिले आणि भरभर, ओठांतल्या ओठांत वाचून मोकळे झाले. कागद घडी करत त्यांनी विचारलं, "ऐकलं न सगळ्यांनी?" माणसं एकमेकांकडे पाहू लागली. आपल्यालाच कळलं नाही, हे चारचौघांत कोण कबूल करणार? समोर बसलेल्या माना हळूहळू होकारार्थी हलायला लागल्या.

बाबा सगळ्यांच्या मागे, आंब्याच्या बुंध्यापाशी उभे होते. जन्मात पहिल्यांदा ते सांगायला नव्हे, ऐकायला आले होते. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते, पलीकडच्या घरात कोणी शिंकलं तर त्यांना कळे कोण शिंकलं.

"नाही ऐकू आलं जी," बाबा म्हणाले. "पुन्हा वाचा."

सरपंचांनी घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, पुन्हा वाचलं.